निवडीचे पाच दिवस



नोकरीचा विषय निघाला की आपण लगेच गुणांचा हिशेब मांडतो. परंतु नोकरी देणारे केवळ गुणपत्रिका पाहत नाहीत, ते माणूसही पारखतात. म्हणूनच काही ठिकाणी उमेदवारांना एकत्र बोलावून त्यांना चर्चा करायला आणि मिळून कामे करायला लावतात. अशा पारखीची तयारी कशी करावी?

याचे एक चांगले उदाहरण म्हणजे आपल्या सैन्यदलांतील अधिकाऱ्यांची निवड. पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तेथे बारावीनंतर प्रवेश मिळतो. 2022 सालापासून तेथे मुलीही शिकू लागल्या. प्रवेशासाठीची लेखी परीक्षा 900 गुणांची असते. ती उत्तीर्ण झालेल्यांना सेवा निवड मंडळापुढे जावे लागते. तेथेही 900 गुण असतात. म्हणजे पुस्तकी ज्ञानाला जेवढे मोल, तेवढेच स्वभावाला!

ही निवड पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी चाळणी होते आणि कित्येकांना घरी परतावे लागते. राहिलेल्यांना पुढे एकामागून एक साठ शब्द दाखवतात. प्रत्येक शब्दासाठी फक्त 15 सेकंद! तेवढ्यात मनात आलेले वाक्य लिहायचे. मग मैदानावर गटाला फळी, दोर आणि पिंप देतात व अडथळा पार करायला सांगतात. तेथे कोण नुसता हुकूम सोडतो आणि कोण मागे राहिलेल्याला हात देतो, हे लगेच कळते. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरील अधिकारी आणि मुलाखत घेणारे अधिकारी असे तिघे उमेदवाराला स्वतंत्रपणे पारखतात. शेवटच्या दिवशी सर्वजण एकत्र बसून निर्णय घेतात.

काहीजण म्हणतात, ‘तयार उत्तरे पाठ करू, म्हणजे झाले.’ मला हे पटत नाही. परीक्षेचे स्वरूप आधी जाणून घ्यावे, थोडा सरावही करावा. पण 15 सेकंदांत पाठांतर आठवत बसायला वेळ कुठे असतो? एखाद्यापुढे सोंग वठेलही, तिघांपुढे पाच दिवस ते कसे टिकेल? स्वभाव पाच दिवसांत घडत नाही. तो रोजच्या वागण्यातून घडतो.

म्हणून तयारी आजच सुरू करा. वर्गातील गटकार्यात आपले मत मांडा आणि गप्प बसणाऱ्या मित्रालाही बोलते करा. रोज वर्तमानपत्रातील एक बातमी वाचा आणि ती घरी तीन मिनिटांत सांगा. निवड मंडळापुढेही तीन मिनिटांचे भाषण करावे लागते. सकाळी धावायला जा. घरच्या लग्नकार्यात एखादी जबाबदारी अंगावर घ्या आणि ती शेवटपर्यंत पार पाडा.

‘आपण उर्दू माध्यमात शिकतो, आपल्याला हे कसे जमेल?’ अशी शंका मनात आणू नका. लेखी परीक्षेत इंग्रजीला 200 गुण असतात, तेव्हा इंग्रजीचा अभ्यास केलाच पाहिजे. पण तुम्ही शाळेत उर्दू, बाजारात मराठी-हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा अनेक भाषा रोज हाताळता. एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगता. गटात काम करताना हेच तर लागते! ही तुमची उणीव नाही, ती तुमची शिदोरी आहे.

छत्रपती संभाजीनगर येथे राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 सालापासून मुलांना या परीक्षेसाठी तयार करते. तिची माहिती शिक्षकांना जरूर विचारा.

निवड झाली नाही, तरी खचून जाऊ नका. वयाच्या मर्यादेत पुन्हा प्रयत्न करता येतो. शिवाय अंगी बाणलेल्या चांगल्या सवयी कोणी काढून घेत नाही. नोकरी कोणतीही असो, त्या कामाला येतातच. तहान लागल्यावर विहीर खोदण्यात काय अर्थ? कुदळ आजच हाती घ्या.