विमानाची उजवी बाजू

एक सोपा प्रश्न विचारतो. विमानात आपण कुठल्या बाजूने चढतो? डाव्या की उजव्या?

मागच्या शुक्रवारी ऑफिसच्या पॅन्ट्रीत हा प्रश्न टाकला, तर महिन्यातून दोनदा बंगळुरूला जाऊन येणारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. एकाने डोळे मिटून मनातल्या मनात एरोब्रिजमधून चालून बघितलं. एकीने सरळ फोन बाहेर काढला. उत्तर आहे डावी. बंदरात जहाजाची डावी बाजू धक्क्याला लावायची जुनी पद्धत होती, तीच विमानांनी उचलली. त्यामुळे आपण जन्मभर डावीकडून चढतो, डावीकडून उतरतो आणि उजवी बाजू कधी बघतच नाही.

मग उजवीकडे काय चालतं? तीच आजची गोष्ट. पण आधी एक कबुली देऊन टाकतो. सात महिन्यांपूर्वीपर्यंत हे मलाही माहीत नव्हतं. आणि मी घरात अख्खा विमानतळ मांडून बसलोय!

हो, विमानतळ. हॉलमधल्या टीव्हीशेजारच्या शेल्फवर, अडीच फूट बाय सव्वा फूट. सुरुवात झाली ती विमानांपासूनच, सगळ्यांची तशीच होते. पहिलं आलं एअर इंडियाचं ७४७, खिडक्यांभोवती लाल झरोखे असलेलं. स्केल १:४००. म्हणजे ७० मीटरचं खरं विमान इथे साडेसतरा सेंटीमीटरचं होतं. मग एक ए-३२० आलं, साडेनऊ सेंटीमीटरचं. मग आणखी दोन. चार विमानं ओळीने लावली, लांब जाऊन बघितली आणि लक्षात आलं की हा काही विमानतळ नव्हे, हे तर दुकानाचं शोकेस झालं!

काय कमी होतं? गाड्या. विमानतळावर विमानाला चारी बाजूंनी चिकटलेल्या असतात ना, त्या. सामानाचा सरकता पट्टा वर चढवणारा बेल्ट लोडर, ट्रॉल्यांची आगगाडी ओढणारा छोटा ट्रॅक्टर, जेवणाचा ट्रक, विमानाला मागे ढकलणारा बुटका पुशबॅक ट्रॅक्टर. यातली एक जरी गाडी मॉडेलच्या पोटाशी लावली ना, तरी ते विमान शोपीस राहत नाही, ड्युटीवर येतं. आता जाणार, उशीर होतोय, गेटवर कोणीतरी वैतागलंय, असं सगळं त्या दोन सेंटीमीटरच्या लोडरमुळे दिसायला लागतं.

आणि मग लागतो नाद. जर्मनीची हेर्पा १:५०० आणि १:२०० मध्ये अशा गाड्या काढते. अमेरिकेची जेमिनी जेट्स १:४०० वाल्यांची लाडकी. फँटसी विंग्जचे ग्राउंड इक्विपमेंटचे सेट तर खास याच वेडासाठी. १:४०० मध्ये सामान ओढणारा ट्रॅक्टर हरभऱ्याच्या दाण्याएवढा आणि माणूस जेमतेम चार मिलीमीटरचा, तिळापेक्षा किंचित मोठा. सेट बाहेरून मागवायचा तर कुरिअर आणि कस्टम्स धरून बिल असं येतं, की पहिल्या वेळी बायको चष्मा पुसून म्हणाली, "एवढ्याशा गाडीला एवढे? आपल्या खऱ्या गाडीचे हप्ते अजून चालू आहेत, आठवतंय ना?"

आठवतंय. म्हणून निम्म्या वस्तू मी घरीच करतो. चाकाखाली लावायचे ठोकळे काडेपेटीच्या काडीचे, पिवळे रंगवलेले. विमान आणि ट्रॅक्टर यांना जोडणारा टो-बार स्टेपलरच्या पिनेचा. काँक्रीटचा एप्रन म्हणजे ग्रे कार्डशीट, वर पांढऱ्या जेल पेनने रेघा. तुम्हालाही सुरू करायचं असेल तर एकच सल्ला. आधी स्केल ठरवा आणि त्याला चिकटून राहा. १:२०० ची गाडी १:४०० च्या विमानाशेजारी ठेवली, की विमानापेक्षा कॅटरिंगचा ट्रक दांडगा दिसतो आणि सगळी मजाच जाते. जागा कमी, बजेट कमी असेल तर १:५००. गाड्यांची दारं, आरसे, चाकं नीट दिसायला हवी असतील तर १:२००. पण मग विमानांना पाय पसरायला मोठी खोली लागेल, आधीच सांगतो.

हे वेड किती वाढू शकतं हे बघायचं असेल तर हॅम्बुर्गच्या मिनिएटुर वुंडरलँडचे व्हिडिओ लावा. तिथे मे २०११ मध्ये क्नुफिंगेन नावाचा काल्पनिक विमानतळ सुरू झाला, १:८७ स्केलचा. विमानं रनवेवर धावतात, उडतात, गेटवर येऊन लागतात. सगळे तेच बघतात. मी बघतो ते एप्रनवरच्या गाड्यांकडे. गाड्यांना वाट दाखवायला रस्त्याखाली तार असते, पुढच्या चाकांशी लोहचुंबक असतं, आणि गाड्या आपापल्या वाटेने निमूट चाललेल्या असतात. रविवारची अख्खी दुपार गेलीय माझी यात.

तर, दिवाळीत आई-बाबा चिपळूणहून आले.

बाबांबद्दल इथे थोडं सांगायला हवं. बाबा एअर इंडियात होते. शाळेत कोणी विचारलं, "तुझे बाबा काय करतात?", की मी एवढंच म्हणायचो, "एअर इंडियात आहेत." समोरचा डोळे मोठे करून म्हणायचा, "पायलट?" मी नुसता हसायचो. हो म्हणायचो नाही, पण नाहीही म्हणायचो नाही. बाबा रॅम्पवर ट्रॅक्टर चालवायचे. पुशबॅकचा. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे तेव्हा शर्टाला रॉकेलसारखा वास असायचा आणि कानांत शिट्टी वाजत असायची. दुपारभर आम्हाला घरात मोठ्याने बोलायची बंदी. नोकरीचं मी कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही. निवृत्त झाले, गावी गेले, विषय संपला.

त्या संध्याकाळी चहा पिता पिता ते शेल्फपाशी गेले. चष्मा वर केला, वाकले, बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणणार, छान आहे.

"अरे, हे सगळं उलटं लावलंयस तू."

मी सगळ्या गाड्या डावीकडे लावल्या होत्या. का? कारण विमानांची ती बाजू हॉलकडे तोंड करून होती! सोफ्यावरून दिसायला छान.

"इकडून माणसं चढतात," बाबा म्हणाले. "माणसांच्या पायांत कोणी ट्रॉल्या घालतं का? सामानाचे दरवाजे तिकडे, उजवीकडे. जेवणाची गाडीही तिकडेच. डावीकडून माणसं, उजवीकडून काम."

मग त्यांनी चहा खाली ठेवला, सुनेकडे भुवया कोरायचा चिमटा मागितला आणि खुर्ची ओढून बसले. पुढचा दीड तास मी नुसता बघत होतो.

आधी सगळ्या गाड्या लांब नेल्या. "विमान आलं की धावत नाही जायचं. पोटाखाली आणि पाठीवर लाल दिवा असतो. तो लुकलुकतोय तोवर इंजिन चालू आहे असं समजायचं. दिवा विझला, चाकांना ठोकळे लागले, की मगच पुढे." मग काडेपेटीच्या काडीचे माझे ठोकळे नाकाच्या चाकाशी सरकवले. मग वीज देणारी गाडी आणली. विमानाची वीज घरासारखी नसते, हे मला तेव्हा कळलं. घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. विमानाला ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. ती गाडी लागली की विमानाला स्वतःचं छोटं इंजिन चालू ठेवावं लागत नाही, तेवढं इंधन वाचतं.

पिण्याच्या पाण्याची गाडी आणि टॉयलेटची गाडी मी हौसेने शेजारी शेजारी लावली होती, रंग मॅच होतात म्हणून. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. "या दोघी कधी शेजारी उभ्या करायच्या नाहीत," म्हणाले. "का, ते तूच विचार कर." बायको स्वयंपाकघरात हसत सुटली.

इंधनाचा टँकर तर त्यांनी उचलून बाजूलाच ठेवला. "मुंबईत तेल जमिनीखालच्या नळातून येतं. वर फक्त पंप नि मीटरवाली गाडी लागते, तिला टाकी नसते. हा टँकर छोट्या विमानतळाला दे."

शेवटी हातात आला तो त्यांचा ट्रॅक्टर. दोन सेंटीमीटरचा, पिवळा. तो त्यांनी तळहातावर घेतला.

"हा दिसतो बुटका, पण मोठ्या विमानाचा असेल तर पन्नास टनांच्या वर जातो. मुद्दाम जड करतात. हलका केला तर चाकं जागच्या जागी घसरतील, विमान हलणार नाही. आणि बुटका अशासाठी, की नाकाखाली शिरला पाहिजे." मग स्टेपलरची पिन दाखवून, "या बारमध्ये एक कच्ची पिन असते. ट्रॅक्टर जास्त वळला की आधी ती तुटते, विमानाचं चाक वाचतं."

"तुमच्याकडून तुटली कधी?" मी विचारलं.

"एकदा." पुढे काही बोलले नाहीत. मग हसले आणि म्हणाले, "पण चाक वाचलं."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे मी पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. विमान मागे ढकलून झालं की बार सुटतो, ट्रॅक्टर बाजूला होतो. ढकलताना पायलटकडून पुढचं चाक वळू नये म्हणून एक पिन घातलेली असते, लाल फीत बांधलेली. हेडसेटवाला ती काढतो, विमानासमोर बाजूला उभा राहतो आणि पिन उंच धरून पायलटला दाखवतो. म्हणजे, काढली, आता चाक तुझं. वरून पायलट हात दाखवतो आणि मगच विमान निघतं.

बाबा हॉलच्या मधोमध उभे राहिले. उजवा हात वर केला, बोटांत नसलेली पिन धरून.

"तो असा उभा आणि मी मागे ट्रॅक्टरवर. पायलट हात दाखवायचा तो दोघांना, बरं का. पावसात, मध्यरात्री, कधीही. एक दिवस चुकला नाही."

एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाचं शेवटचं ७४७ मुंबईहून कायमचं उडालं, तेव्हा त्याचा व्हिडिओ मी बाबांना फॉरवर्ड केला होता. उडताना त्याने पंख हलवून निरोप घेतला होता, बघून आमच्या ग्रुपवर सगळे रडवेले झाले. बाबांचा फोन आला. "यात पुशबॅक नाहीये. तो भाग कुठाय?" मी म्हटलं होतं, "बाबा, त्यात काय बघायचं?"

खरंच म्हटलं होतं असं.

त्या रात्री त्यांना टॅक्सीबॉटचा व्हिडिओ दाखवला. २०१९ मध्ये दिल्लीत एअर इंडियाने प्रवासी असलेलं ए-३२० या यंत्राने ओढून रनवेकडे नेलं होतं. विमानाची इंजिनं बंद, आणि एकदा मागे ढकलून झालं की ट्रॅक्टरची सूत्रं थेट कॉकपिटमधल्या पायलटच्या हातात. इंधनाची बचत, धूर कमी. बाबांनी लक्ष देऊन बघितलं आणि एकच विचारलं, "ड्रायव्हर आहे ना आत?" म्हटलं, आहे. "मग ठीक."

पुढच्या वेळी वेब चेक-इन कराल तेव्हा माझं एक ऐका. ए-३२० असेल तर एफ सीट घ्या. उजवी खिडकी. रील्स बघायला आयुष्य पडलंय. ती पंचवीस-तीस मिनिटं खाली बघा. बेल्टवर आपलीच बॅग चढताना दिसेल, जेवणाच्या ट्रकची अख्खी पेटी कात्रीसारख्या पायांवर उचलून दाराला लागलेली दिसेल. आणि विमान मागे जाऊन थांबलं, की कोणीतरी लाल फीत उंच धरून उभं असेल. कधी ते डाव्या बाजूला असतं, मग नाही दिसणार. पण असतं.

माझं शेल्फ आता बदललंय. चारही विमानं फिरवली. एरोब्रिज भिंतीकडे गेला, उजवी बाजू हॉलकडे आली. पिवळ्या ट्रॅक्टरवर चार मिलीमीटरचा एक माणूस बसलाय. त्याचा खाकी शर्ट बायकोने रंगवला, सुईच्या टोकाने.

परवा ऑफिसातला एक मित्र घरी आला होता. बराच वेळ बघून म्हणाला, "मस्त आहे रे, पण जिथून आपण चढतो ती मेन बाजू तू मागे लावलीयस."

"ती आपली बाजू," मी म्हटलं. "ही बाबांची."

"बाबा काय होते तुझे? पायलट?"

"नाही," मी म्हटलं. "विमान ढकलायचे."