हलणारा चौकोन, न हलणारा त्रिकोण

बालमित्रांनो, या वेळचं सामान अगदी स्वस्त आहे. गुल काढलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. नळीचे दीड-दीड सेंटीमीटरचे तुकडे कापा. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खोचली, की झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करा, चार काड्यांचा चौकोन करा.

आता तळाची काडी धरून वरचा कोपरा बोटाने बाजूला ढकला. चौकोन लगेच कलतो. त्रिकोण मात्र ढिम्म हलत नाही! असं का? चौकोनाच्या काड्या तेवढ्याच राहिल्या तरी कोन बदलू शकतात. त्रिकोणात तीन बाजू ठरल्या, की तिन्ही कोन ठरलेच. कोन बदलायचा तर काडीच मोडावी लागेल.

मग चौकोन घट्ट कसा करायचा? आमच्या चौथीतल्या एका मुलीने आत तिरपी काडी लावून पाहिली. ती तोकडी पडली. "बाई, सगळ्या काड्या सारख्या, मग हीच का पुरत नाही?" मी उत्तर दिलं नाही, पट्टी दिली. तिने मोजलं. बाजू ५ सेंटीमीटर, तर तिरपं अंतर ७ च्या आसपास! मग खराट्याची लांब काडी आली, कोपऱ्यांतल्या नळीला टाचणीने भोक पाडून ती बसवली, आणि चौकोन गप्प उभा राहिला.

वर्गातली माठाची घडवंची कधीची डुलत होती. माठ फुटेल म्हणून मुलं पाणी घ्यायला घाबरायची. मुलांनीच सुचवलं, "तिरपी पट्टी ठोकू या." ठोकली. आता डुलत नाही.

पत्र्याखालची कैची, विजेच्या तारांचा मनोरा, १९४३ साली खुला झालेला कोलकात्याचा हावडा पूल, सगळीकडे त्रिकोण शोधा. काड्या-नळीचा हा खेळ अरविंद गुप्ता यांनी होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात काम करताना रचला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पालकांनो, एक विनंती. मुलाची काडी तोकडी पडली, तर लगेच "दे इकडे" म्हणू नका. पट्टी द्या आणि थोडं थांबा.

आणि दोस्तांनो, हे कोडं सोडवा: बारा काड्यांचा ठोकळा करा. तो डुलेल. कमीत कमी किती तिरप्या काड्या लावल्या म्हणजे तो डुलणार नाही? आधी करून पाहा, मग सांगा!