चष्म्यातली गिरणी

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. वर्धित वास्तवाचा चष्मा लावला की तिथे जुनी गिरणी पुन्हा उभी करता येईल, असा उत्साह अधूनमधून कानी येतो. त्याविषयी थोडे.

१९६८ साली आयव्हन सदरलंड यांनी घडवलेले या जातीचे आद्य यंत्र छताला टांगावे लागे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या जिओ ग्लासचे वजन ७५ ग्रॅम सांगितले गेले. आता तर वेव्हगाइड रचनेत चिमुकल्या पडद्यावरचा प्रकाश पातळ काचेच्या आतल्या आत परावर्तित होत डोळ्यापर्यंत पोहोचतो. मात्र अशी पारदर्शक काच समोरच्या दृश्यात प्रकाशाची भर घालते. तिथला प्रकाश वजा करणे तिला सहसा जमत नाही. म्हणून काळा रंग तिला दाखवता येत नाही. चिमणीची काजळी दाखवू जावे, तर त्या जागी मॉलची भिंतच दिसेल.

ही उणीव दूर करणाऱ्या रचनांवर संशोधन चालू आहे. माझ्या मते खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. काचेवर काय उमटवायचे, हे कोण ठरवणार? सुबक यंत्रमाग दाखवणे सोपे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आणि त्यात देशोधडीला लागलेली बिऱ्हाडे कोण दाखवणार? ती संहिता लिहिणे अभियंत्यांचे काम नव्हे. ते आपले, म्हणजे मराठी शिकवणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे आहे, आणि गिरणगाव पाहिलेली माणसे हयात आहेत तोवरच ते नीट होईल.