शिसपेन्सिल आणि सेलोटेप

मुलांनो, नाव शिसपेन्सिल, पण आत शिसं नसतंच! असतं ग्राफाइट, म्हणजे कार्बनच, थोडी माती मिसळलेला. ग्राफाइटमध्ये कार्बनच्या अणूंचे थर एकावर एक रचलेले असतात. एक मिलिमीटर जाडीत सुमारे ३० लाख! ते सहज सुटतात, म्हणून तर कागदावर रेघ उमटते.

यातला एकच थर सुटा काढला तर? एवढा पातळ पापुद्रा टिकणारच नाही, असं पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो काढला. कशाने? चक्क सेलोटेपने! ग्राफाइटचा पृष्ठभाग साफ करायला टेप चिकटवून ओढत आणि कचऱ्यात टाकत. तिच्यावरच तर पातळ पापुद्रे होते! टेप पुन्हापुन्हा दुमडून उघडली, की ते आणखी पातळ होत. शेवटी एका अणूच्या जाडीचा थर मिळाला: ग्राफीन. हे २००४ साली जाहीर झालं, २०१० साली दोघांना नोबेल मिळालं. ग्राफीनमधून ९७ टक्क्यांहून जास्त प्रकाश आरपार जातो, तरी तेवढ्याच जाडीच्या पोलादापेक्षा ते कितीतरी मजबूत!

तुम्हीही कागदावर पेन्सिलीने काळाभोर चौकोन गिरवा, टेप दाबून ओढा, मग दुमडून उघडत राहा. डाग फिका होत जाईल. (अख्खी गुंडाळी मात्र संपवू नका हं, आई रागावेल.)