पट्टी जरा बाजूला ठेवा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी पाणी भरायला शीवला थांबली होती. तिचा काळ-अंतर आलेख काढा: चढती रेघ, शीवपाशी आडवा तुकडा, पुन्हा चढ. रेघ जितकी उभी तितका वेग जास्त. आडवी झाली की घड्याळ चालतंय, गाडी नाही. आता ३४ किलोमीटर अंतर कायम धरून वेग आणि लागणारा वेळ यांचा आलेख काढा. सरळ रेषा गेली, अपास्त आला! वेग दुप्पट तर वेळ निम्मा, आणि वक्र अक्षांना कधीच टेकत नाही. (शून्य मिनिटांत ठाणं कोणी गाठत नाही, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला कशाला सांगायचं?) आपली मुलं मात्र आलेख म्हटलं की पाच बिंदूंचा तक्ता करतात आणि पट्टीने जोडतात; अन्वस्तालाही कोपरे फुटतात. आधी समीकरण वाचावं. य = क्ष² − ४क्ष + ३ घ्या: क्ष-अक्षाला छेद १ आणि ३ वर, म्हणून तळ मधोमध २ वर, तिथे य उणे १; वर्गाचा सहगुणक धन, म्हणून तोंड वर. कच्ची आकृती झाली. तक्ता नंतर, पडताळ्यापुरता. अकरावीच्या मुलांनो, वक्र हातानेच काढा.