वस्तरा: अठरा हजारांचा आणि साडेअकराशेचा

मुक्काम तेजपूर. पाऊस असा की रात्री पॉलिश करून ठेवलेल्या बुटांवर सकाळी पांढरी बुरशी दिसते. अशा हवेत गेल्या आठवड्यात मेसमध्ये एका तरुण कॅप्टनने मोठ्या कौतुकाने एक लाकडी पेटी उघडून दाखवली. आत मखमलीवर जर्मनीतल्या झोलिंगनचा वस्तरा, बॅजरच्या केसांचा ब्रश, पितळी कडीचा चामडी पट्टा. "अठरा हजार, सर."

"दाढी कशी होते?"

"अजून केली नाही, सर. तीन महिने झाले. जरा भीती वाटते."

मी पातं उजेडात धरलं. धारेलगत तपकिरी ठिपक्यांची ओळ. गंज. अठरा हजारांत दोन थेंब तेल मात्र कुणी दिलं नव्हतं.

मित्रहो, माझं भांडण त्या पोराशी नाही. वस्तऱ्याची दाढी म्हणजे श्रीमंतांचा छंद, ही समजूत ज्यांनी पसरवली त्यांच्याशी आहे. इंटरनेटवर पाहा. सुरुवात करायची तर हा वस्तरा, तीन प्रकारचे दगड, दोन पट्टे, अमुक क्रीम, तमुक लोशन. एनडीएतला पहिल्या टर्मचा कॅडेट पाहून कॅन्टीनवाल्याला जसा आनंद होतो, तसा या दुकानदारांना नवशिका पाहून होतो.

माझा हिशेब देतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला शेफील्डचा जुना वस्तरा 350 रुपये. त्याला पहिली धार 300. छावणीतल्या मोच्याकडून करून घेतलेला चामड्याचा पट्टा 250. साधा ब्रश 150, साबण 80, तुरटी 20. एकूण 1150. सात वर्षं झाली, चार पोस्टिंगं झाली, वस्तरा तोच आहे.

जुना वस्तरा घेताना मूठ तुटकी असली तरी चालते, पात्यावर डाग असले तरी चालतात. धारेला खाच किंवा चीर नको. सपाट काचेवर ठेवून पाहावा, पातं वाकडं असेल तर परत द्यावा. पाठ एका बाजूला फार झिजलेली असेल तरीही. कारण दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, पाठीच्या जाडीवरच धारेचा कोन ठरतो. कुणीतरी अडाणीपणाने पाठ खाऊन टाकली असेल तर कोन गेला. आणि सलूनमध्ये दिसतो तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा, तो शंभर-दीडशेत मिळतो, म्हणून सगळे नवशिक्याला तोच घ्यायला सांगतात. मला हे पटत नाही. तो हलका असतो, चेहऱ्यावर जराही दयामाया करत नाही. पोरगा दोनदा कापून घेतो आणि वस्तऱ्याच्या नावाने खडे फोडत पुन्हा काडतुसाकडे जातो.

दगड तर पहिल्या वर्षी घेऊच नका. दगडावर काम वर्षातून एक-दोनदा. रोजचं काम पट्ट्याचं: पाठ पुढे, धार मागे, वळवताना पाठीवरून वळवायचं, चाळीस-पन्नास फेऱ्या, दाब नाही. पट्टा ढिला सोडला तर धार गोल होते, सगळी मेहनत पाण्यात. दाढीनंतर पातं पुसून कोरडं करायचं आणि शिवणयंत्राचं तेल लावायचं. पहिला महिना फक्त रविवारी, फक्त गाल, केसांच्या दिशेने. हनुवटीच्या वाटेला दुसऱ्या महिन्याशिवाय जाऊ नये. कातडं ताणून धरायचं, पातं गालाशी साधारण तीस अंशात. खसखस आवाज आला म्हणजे काम चाललं आहे. ओढल्यासारखं वाटलं तर थांबा, पट्ट्याकडे परत जा. स्वतःचा वस्तरा दुसऱ्याला वापरायला देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही.

एक कबुली. निव्वळ पैसेच वाचवायचे असतील तर वस्तरा नको, दुधारी ब्लेडचा साधा सेफ्टी रेझर घ्या. एक ब्लेड चार-पाच रुपयांना, आठवडाभर चालतं. पाच पात्यांचं एक काडतूस दीड-दोनशेला. 1971 मध्ये दोन पाती आली, 1998 मध्ये तीन, 2006 मध्ये पाच. दाढी तीच, गाल तोच. सेफ्टी रेझर घरोघर पोहोचवण्यात तर फौजेचाच हात होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सैनिकांना ते वाटले, कारण दाढी असली की विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्याला नीट बसत नाही. तेव्हा फील्डमध्ये मीसुद्धा सेफ्टी रेझरच नेतो. बंकरमध्ये मेणबत्तीच्या उजेडात उघड्या पात्याशी खेळण्यात कसलीही मर्दुमकी नाही.

मग वस्तरा कशाला? माझ्यापुरतं उत्तर त्या 300 रुपयांत आहे. ती धार लावून दिली आमच्या तेव्हाच्या यूनिटच्या नाव्ह्याने. बिहारचा माणूस, हवालदार. त्याने नख ओलं करून धार तपासली, निसण्यावर पाणी शिंपडलं आणि पाऊण तास एक शब्द बोलला नाही. मग माझ्या हातावरचा एक केस पात्याने वरच्या वर उडवला. म्हणाला, "साहब, बाप ने सिखाया था। मेरे लड़के को नहीं आता।" कसं येणार? एचआयव्हीच्या भीतीने सलूनमध्ये अर्धं ब्लेड आलं, ते योग्यच झालं. पण त्याबरोबर धार लावणारे हात रिकामे झाले. पैसे घ्यायलाही तो तयार नव्हता, बळेच दिले.

हे मी मेसमध्ये सांगितलं तेव्हा माझ्याच वयाचा एक मराठी अधिकारी हसून म्हणाला, "अरे, न्हाव्याचं काम तू कशाला शिकतोस?" हेच मला सहन होत नाही. प्रतापगडाचा विषय निघाला की 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' म्हणत छाती फुगवायची, पन्हाळ्याच्या वेढ्यातल्या शिवा काशिदाच्या नावाने डोळे पुसायचे. दोघेही नाभिक समाजातले. आषाढीला सेना न्हावी महाराजांचे अभंग म्हणायचे. आणि त्यांच्या हत्याराला मात्र हलकं म्हणायचं! तेच हत्यार झोलिंगनहून मखमलीत आलं की अठरा हजार मोजून मेसमध्ये मिरवायचं. ज्याला ते चालवता येतं त्याला सलूनच्या खुर्चीवरून "ए, लवकर आवर" म्हणायचं.

कॅप्टनला मी सांगितलं की पेटी घरी ठेव, वस्तरा माझ्याकडे आण. इथल्या बाजारात एक म्हातारा नाभिक आहे, बांबूच्या टपरीत बसतो, दगड अजून जपून ठेवलेला. रविवारी दोघे जाणार आहोत. गंज धारेच्या किती आत गेला आहे ते तोच सांगेल. चारशे मागितले तर घासाघीस करायची नाही, अशी अट मी आधीच घातली आहे.