वाचलेली पाच मिनिटे कोणाची?

आमच्या चाळीतले रंगारी मामा दोन महिने झाले घरी आहेत. उजव्या पायाला प्लॅस्टर आहे. मामी चार घरची धुणीभांडी करून घर चालवतात. गेल्या रविवारी आम्ही त्यांना भेटायला गेलो. ‘जयभीम भाऊसाहेब, बसा,’ म्हणाले आणि मग स्वतःच हसून सांगू लागले, ‘सात-सात माळ्यांच्या परांचीवर उभा राहिलो, कधी खरचटलं नाही. पडलो कुठून, तर बारा फुटांवरून!’

मामांचे हे बोलणे आम्ही घरी येऊन बराच वेळ घोळवत बसलो. सात माळ्यांचे भय वाटते, म्हणून तिथे माणूस दोर तपासतो. बारा फुटांच्या शिडीचे भय वाटत नाही. तिथे तो भरभर चढतो, पायांत रबरी चपला, एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. म्हणजे शिडी धरायला हातच नाही!

झाले ते असे. दोन इमारतींमधल्या बोळात खिडकीच्या छज्जाखाली हात मारायचा होता. भिंतीला शिडी लावायची, पण जिथे शिडीचा पाय यायला हवा तिथे कोणाची तरी मोटारसायकल उभी होती. मालक दुसऱ्या माळ्यावर. हाक मारून गाडी काढायला लावायची तर पाच मिनिटे जाणार. मुकादम सकाळपासून ‘आज संपलंच पाहिजे’ म्हणून मागे लागलेला. मामांनी शिडीचा पाय भिंतीजवळ घेतला, जेमतेम दीड फुटावर. शिडी धरणारा पोरगा थिनर आणायला गेलेला. वरचे टोक कशाला बांधलेले नाही. छज्जाचा कोपरा दोन वितींवर राहिला होता. खाली उतरून शिडी सरकवायची त्याऐवजी मामा बाजूला वाकले. शिडीचे वरचे टोक भिंतीवरून घसरले आणि मामा पायांवर आले. टाचेचे हाड मोडले. उंचावरून पायांवर पडले की सगळा भार त्याच हाडावर येतो. अशा वेळी डॉक्टर कंबरेचा मणकाही तपासून पाहतात. मामांचा मणका वाचला, एवढेच.

आम्ही पडलो हिशेबनीस. कागद-पेन्सिल घेतली. समजा रोज ८०० रुपये आणि काम आठ तासांचे. तासाचे झाले १०० रुपये, पाच मिनिटांचे आठ रुपये तेहेतीस पैसे. आता दुसरी बाजू. तीन महिने घरी बसायचे, महिन्याचे २५ रोज धरले तर ७५ रोज, म्हणजे ६०,००० रुपये. औषधपाणी आणि रिक्षाभाडे वेगळे. आणि ते आठ रुपये तेहेतीस पैसे तरी मामांच्या खिशात जाणार होते का? काम ठेकेदाराने उक्ते घेतलेले, मामा रोजावर. वाचलेली पाच मिनिटे ठेकेदाराची, मोडलेली टाच मामांची!

ठेकेदाराला बोल लावून आम्ही मोकळे झालो असतो, पण एक आठवले. मागे आमच्या खोलीला रंग काढला तेव्हा ‘संध्याकाळपर्यंत होईल ना?’ असे चार वेळा विचारणारे आम्हीच. रंगारी टेबलावर स्टूल ठेवून चढला होता, आणि आम्ही खाली चहा पीत बसलो होतो.

शिडीचे शास्त्र काही फार मोठे नाही. जिथे टेकते तिथपर्यंतची उंची चार फूट असेल तर पाय भिंतीपासून एक फूट बाहेर; बारा फुटांना तीन फूट. पाय फार आत घेतला तर शिडी माणसासकट मागे येते, फार बाहेर घेतला तर पाय घसरतो. फूटपट्टी नको. शिडीच्या पायाला अंगठे लावून ताठ उभे राहावे आणि खांद्याइतक्या उंचीवर हात सरळ पुढे करावेत. तळवे दांडीला नीट पोहोचले की उतार बरोबर. माथ्यावर गच्चीत उतरायचे असेल तर शिडी काठाच्या वर तीन फूट यावी आणि दोरीने बांधावी. बेंबी दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाईल इतके वाकू नये. डबा आकड्याला टांगावा, हात मोकळा राहतो. वीजवाल्यांनी ॲल्युमिनियमची शिडी तारांजवळ नेऊच नये, आणि ओला बांबूही निर्धोक नाही. रंगाऱ्यांसाठी आणखी एक. लाकडी शिडीला उरलेला ऑइलपेंट फासण्याची हौस असते. तो फासू नका, चीर झाकली जाते. मामांच्या शिडीवर तर चार घरांचे रंग आहेत!

आणखी एक राहून गेलेले काम. रंगकाम हे बांधकामातच मोडते. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, महाराष्ट्रात २०११ साली त्यांचे कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असलेल्या १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराची तिथे नोंदणी होते. मामांची नाही. ‘दाखल्यासाठी फिरायचं म्हणजे रोज बुडतो,’ म्हणाले. मामी लगेच म्हणाल्या, ‘आता किती बुडाले?’ मामा गप्प. कागदांचे काम आम्ही अंगावर घेतले आहे. कारकुनाला तेवढे तरी जमते.

निघताना दारात मामांचा भाचा शिडी लावत होता. शेजारच्या ताईंच्या पत्र्यावर प्लॅस्टिक घालायचे होते. आतून मामांचा आवाज आला, ‘हात पुढे कर. पोचतो का?’

‘पोचतो, पण कोपर वाकतंय.’

‘मग पाय बाहेर ओढ.’

‘बाहेर सायकल आहे, मामा.’

‘कोणाची आहे ती विचार. मी थांबतो.’